लपलेली अळी आणि पाळतीवरचें पांखरूं

फुलपांखरांच्या सोंगांविषयीं आजपर्यंत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु तें बहुतेक मुलांच्या करमणुकीसाठीं किंवा निसर्गांतील चमत्कारांची यादी वाढविण्यासाठीं. सुक्या पानासारखें दिसणारें फुलपांखरूं, पांखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी, हिरव्या पानांत हिरवा व सुक्या काटकीवर तपकिरी होणारा कोष, हीं वर्णनें वाचून वाचक घटकाभर आश्चर्य करतो आणि पुस्तक मिटतो. आमच्या मतें ह्या विषयाचें खरें स्थान शेतकऱ्याच्या हिशेबाच्या वहींत आहे. जो किडा लपतो तो कोणापासून लपतो, आणि ज्याच्यापासून लपतो त्याला आपण आपल्या शेतांत राहूं देतों कीं हांकलून देतों, हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाहीं. तो उत्पन्नाचा व खर्चाचा आहे. म्हणून तो आमच्या वाचकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम आपल्या सह्याद्रींतलेंच उदाहरण घेऊं. पश्चिम घाटांतील दाट रानांत एक निळें फुलपांखरूं आढळतें. इंग्रजींत त्यास ब्ल्यू ओकलीफ म्हणतात. त्याचें शास्त्रीय नांव कॅलिमा हॉर्सफील्डी असें आहे. त्याची अळी कारवीच्या वर्गांतील झुडपांवर वाढते. फुलपांखरूं उडत असतां पंखांची वरची बाजू दिसते. ती गडद निळी असून तिच्यावर फिकट निळा रुंद पट्टा असतो. असें हें डोळ्यांत भरणारें फुलपांखरूं झाडावर बसून पंख मिटतें, आणि त्याच क्षणीं तें नाहींसें होऊन त्या जागीं एक सुकें पान दिसूं लागतें. पानाचें निमुळतें टोंक, खालीं देंठ, टोंकापासून देंठापर्यंत गेलेली मधली शीर, तिला फुटलेल्या बारीक रेषा आणि बुरशी लागल्यासारखे ठिपके, हें सर्व त्या मिटलेल्या पंखांवर असतें. शिवाय रंगाच्या व ठिपक्यांच्या बाबतींत एक फुलपांखरूं दुसऱ्यासारखें हुबेहूब नसतें. कारण खरीं सुकीं पानेंही एकासारखीं एक नसतात.

आल्फ्रेड रसेल वॉलेस ह्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानें सुमात्रा बेटांत ह्याच कुळांतील फुलपांखरूं पाहिलें व त्याचें वर्णन सन १८६९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘द मले आर्किपेलगो’ ह्या आपल्या प्रवासग्रंथांत केलें. फुलपांखरूं अमक्या झुडपावर उतरलें हें डोळ्यांनीं पाहूनही जवळ गेल्यावर तें त्यास सांपडत नसे, आणि शोधतां शोधतां त्याच जागेवरून तें अकस्मात् उडून जाई. आयुष्य किडे गोळा करण्यांत घालविणाऱ्या माणसाची ही गत, तर इतरांची काय कथा!

येथें एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मनुष्याच्या डोळ्यांस फसविण्यास एवढ्या बारकाईची आवश्यकता नव्हती. मळकट तपकिरी रंग असता तरी तुम्हीं आम्हीं फसलों असतों. मग ती शीर कशाला, ते बुरशीचे ठिपके कशाला? ह्याचें उत्तर बाजारांत मिळतें. ज्या गांवीं सराफ आंधळा असतो त्या गांवीं ओबडधोबड खोटें नाणेंही खपून जातें. ज्या गांवीं सराफ रुपया हातांत घेऊन वाजवून, कडा चाचपून, छाप निरखून पाहतो, त्या गांवीं खोटें नाणें पाडणारास खऱ्या नाण्याची प्रत्येक रेघ उतरवावी लागते. नक्कल किती बारीक आहे ह्यावरून पारखी किती कसलेला आहे तें समजतें. फुलपांखराच्या पंखांवरील ती शीर म्हणजे रानांतील पांखरांच्या नजरेचा दाखला होय. रंग ओळखण्याच्या बाबतींत पांखरांची दृष्टि आपल्या दृष्टीहून तीक्ष्ण असते. आपणांस न दिसणारा अतिनील प्रकाशही पुष्कळ पांखरांस दिसतो. असा पारखी रोज दारांत उभा असल्यामुळेंच सोंग इतकें सजलें आहे.

हें सोंग फुलपांखरानें बुद्धीनें घेतलेलें नाहीं, हेंही लक्षांत ठेवावें. शेतकरी जसा पुढील सालाच्या बियाण्यासाठीं भरदार कणसें निवडून ठेवतो आणि हलकीं कणसें खाण्यांत घालतो, व असें वर्षानुवर्षें केल्यानें वाण सुधारत जातो, तसेंच येथें घडतें. फरक इतकाच कीं, येथें निवड करणारा पांखरूं आहे, आणि तें चांगलें ठेवण्यासाठीं निवड करीत नसून जें दिसेल तें खातें. जें दिसलें नाहीं तें उरतें, अंडीं घालतें, आणि त्याची संतति आणखी कमी दिसणारी निपजते. सन २०१४ मध्यें जपानी संशोधकांनीं ह्या कुळांतील व त्याच्या जवळच्या कुळांतील अनेक फुलपांखरांच्या पंखांवरील नक्षी ताडून पाहिली, तेव्हां पानाचें हें रूप एकदम अवतरलेलें नसून पायरीपायरीनें सिद्ध झालें आहे, असें त्यांस आढळून आलें. अर्थात् हा लक्षावधि वर्षांच्या पाळतीचा परिणाम होय.

हा केवळ तर्क आहे, असें कोणी म्हणेल. त्याकरितां प्रत्यक्ष मोजलेलें एक उदाहरण देतों. तें इंग्लंडांतील असून फुलपांखराचें नव्हे, त्याचा भाऊबंद जो पतंग त्याचें आहे. तेथें पांढऱ्या अंगावर मिरपूड शिंपडल्यासारखे ठिपके असलेला एक पतंग आहे. दगडफुलानें फिकट झालेल्या खोडांवर तो बसला असतां सहसा दिसत नसे. पुढें कारखान्यांच्या धुरानें दगडफूल मेलें व खोडें काळीं पडलीं. सन १८४८ मध्यें मँचेस्टर येथें ह्या जातीचा काळा पतंग आढळल्याची नोंद आहे. आणि त्या शतकाच्या अखेरीस त्या शहराच्या आसपास जवळजवळ सर्वच पतंग काळे झाले होते. सन १९५३ व १९५५ मध्यें केटलवेल ह्या संशोधकानें दोन्ही रंगांचे पतंग खुणा करून रानांत सोडले व पुन्हां पकडले. काजळलेल्या रानांत काळे पतंग अधिक परत सांपडले, स्वच्छ रानांत पांढरे अधिक सांपडले. त्याच्या पद्धतीवर पुढें आक्षेप आले. म्हणून केंब्रिज येथील मायकेल मॅजेरस ह्या प्राध्यापकानें सन २००१ पासून पुढें सहा वर्षें स्वतः ४,८६४ पतंगांवर नव्यानें प्रयोग केला. हवा सुधारून खोडें पुन्हां फिकट झालेल्या त्या काळांत पांखरांनीं काळे पतंग अधिक टिपले, असें त्यास दिसलें. काळा पतंग आज त्या देशांत दुर्मिळ झाला आहे. म्हणजे एका जातीचा रंग दीडशें वर्षांत एकदां काळा व पुन्हां पांढरा झाला, आणि दोन्ही वेळां हें काम मुख्यतः पांखरांच्या चोंचीनें केलें. पांखरूं म्हणजे झाडाची नुसती शोभा, असें ज्यांस वाटतें त्यांनीं ह्या आंकड्यांचा विचार करावा.

आतां आपल्या शेतांकडे वळूं. भाताच्या खाचरांत व बांधावरील गवतांत वाढणारें एक तपकिरी फुलपांखरूं आहे. त्याचें शास्त्रीय नांव मेलॅनायटिस लेडा. दिवसभर तें पाचोळ्यांत पडून असतें व तिन्हीसांजेस उडूं लागतें. पायाखालून एकाएकीं उठून चार हातांवर पुन्हां पाचोळ्यांत दिसेनासें होणारें फुलपांखरूं आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलें असेल. त्याची अळी हिरवी, अंगानें खरबरीत व डोक्यावर दोन शिंगें असलेली अशी असून ती भाताचीं पानें खाते. ह्या फुलपांखराची विशेष गोष्ट ही कीं, त्याला वर्षांतून दोन पोषाख असतात. पावसाळ्यांत निपजणाऱ्या पिढीच्या पंखांच्या खालच्या बाजूस डोळ्यांसारखीं वर्तुळें असतात. पाऊस संपून रान वाळल्यावर निपजणाऱ्या पिढीच्या पंखांवर तीं वर्तुळें जवळजवळ नसतात. पंख केवळ सुक्या पानासारखे दिसतात. ह्याच्या आफ्रिकेंतील एका आप्तावर झालेल्या प्रयोगांवरून असें दिसून आलें आहे कीं, अळी कोणत्या उष्णमानांत वाढली ह्यावर पुढील पोषाख अवलंबून असतो. हिरवळीच्या दिवसांत सुकें पान होऊन लपणें कठीण. तेव्हां पंखाच्या कडेवरील डोळा शत्रूचा घाव अंगावरून कडेवर ओढून घेतो व जीव वांचतो. सर्वत्र पाचोळा झाल्यावर मात्र तोच डोळा लक्ष वेधून घातक ठरतो, म्हणून तो पुसला जातो. आपण जसें मृगापूर्वीं इरलें-घोंगडें काढतों व माघांत पुन्हां बांधून ठेवतों, तसाच हा व्यवहार आहे. भाताचें नुकसान ह्या अळीकडून क्वचितच मोठें होतें, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

खरें नुकसान करणारी व त्याहूनही चतुर लपणारी अळी आपल्या लिंबाच्या, संत्र्याच्या व मोसंबीच्या बागांत आहे. पंखांवर काळे व पिवळट ठिपके असलेलें लिंबावरील फुलपांखरूं सर्वांच्या परिचयाचें आहे. शास्त्रांत त्यास पॅपिलिओ डेमोलिअस म्हणतात. बेल, कढीलिंब व बावची ह्यांवरही त्याची अळी वाढते. मूळचें हें आशियाखंडांतील. पण सन २००४ मध्यें तें अमेरिकेजवळील डोमिनिकन रिपब्लिक ह्या देशांत सांपडलें व तेथून शेजारच्या बेटांत पसरून तिकडील लिंबू-बागाइतदारांसही चिंता उत्पन्न झाली. ह्याची मादी कोंवळ्या पालवीवर एकेक अंडें सुटें सुटें घालते. अंड्यांतून निघालेली अळी गडद तपकिरी असून तिच्या अंगावर पांढरे डाग असतात, आणि ती पानाच्या वरच्या बाजूस, उघड्यावर, निश्चल बसून राहते. पाहणारास वाटतें, कोणा पांखरानें पानावर घाण केली आहे. ज्या पांखराच्या भयानें लपावयाचें त्याचीच विष्ठा होऊन बसणें, ह्यापरतें निर्भय सोंग दुसरें नाहीं. कारण आपली विष्ठा कोणतेंही पांखरूं टिपीत नाहीं.

परंतु हें सोंग लहानपणींच चालतें. अळी बोटाएवढी झाली म्हणजे एवढ्या आकाराची विष्ठा कोणास खरी वाटणार? म्हणून शेवटची कात टाकतांना ती आपलें रूप बदलते. तपकिरी-पांढरा रंग जाऊन ती पानासारखी हिरवी होते, व अंगावर पडलेल्या तिरप्या पट्ट्यांमुळें तिचा आकार पानांत मिसळून जातो. ह्याच कुळांतील जपानांतल्या एका अळीवर संशोधन होऊन सन २००८ मध्यें असें प्रसिद्ध झालें कीं, अळीच्या शरीरांतील एका रसाचें प्रमाण घटलें म्हणजे हें रूपांतर घडतें. तो रस बाहेरून दिला तर ती हिरवी न होतां विष्ठेचेंच सोंग चालू ठेवते. पुढें कोष होतो, तोही भोंवतालच्या मानानें हिरवा किंवा तपकिरी. एका जन्मांत हीं तीन सोंगें.

ह्या सोंगांचा फायदा अळीला, पण तोटा कोणाला? रोपवाटिकेंतील व पहिल्या दोन-तीन वर्षांच्या कोंवळ्या झाडांना. मोठें झाड थोडी पालवी गेली तरी ती पुन्हां भरून काढतें. लहान रोपाचा शेंडाच बोडका होतो. आणि नेमकें येथेंच आमचे पुष्कळ बागाइतदार फसतात. लहान अळी विष्ठा समजून सोडून दिली जाते. हिरवी अळी पानांत दिसत नाहीं. आणि रोपाचीं नुसतीं देंठें उरल्यावर मग पंप पाठीवर घेतला जातो. अळी शेवटच्या अवस्थेंत सर्वांत अधिक खाते. त्यामुळें त्या वेळीं फवारलेलें औषध हा पीक खाऊन झाल्यावर घातलेला पहारा होय. पैसा गेला, रोपही गेलें.

मग अळी शोधावी कशी? ह्या बाबतींत पांखरांनाच गुरु करावें. अमेरिकेंत टिटच्या जातीच्या लहान पांखरांवर प्रयोग करून सन १९८३ मध्यें असें दाखविण्यांत आलें कीं, तीं पांखरें अळी शोधण्याआधीं कुरतडलेलें पान शोधण्यास शिकतात, व तेथें मग अळीचा तपास करतात. इतकेंच नव्हे, तर पांखरांस रुचकर लागणाऱ्या कांहीं अळ्या अर्धवट खाल्लेलें पान देंठाजवळ तोडून खालीं टाकतात. चोर जसा आपलीं पावलें पुसतो तसाच हा प्रकार. ह्यावरून शेतकऱ्यानें घ्यावयाचा धडा सोपा आहे. अळी पाहूं नये, अळीची खूण पाहावी. नव्या पालवीच्या दिवसांत सकाळीं रोपांच्या ओळींतून फिरतांना कोंवळ्या पानाची कड अर्धचंद्राकार खाल्लेली दिसली, किंवा खालच्या पानावर काळसर लेंड्या दिसल्या, कीं तेथें थांबावें. विष्ठेसारखें कांहीं दिसल्यास काडीनें स्पर्श करावा. खरी विष्ठा असेल तर ती तशीच राहील. अळी असेल तर मानेजवळून दुभंगलेलें शिंग बाहेर काढून उग्र वास सोडील. तिनें आपण होऊन ओळख दिल्यावर तिला चिमट्यानें उचलून साबणाच्या पाण्यांत टाकणें एवढेंच काम उरतें. लहान बागेस व रोपवाटिकेस ह्याहून स्वस्त उपाय नाहीं. हें काम घरांतील मुलें मोठ्या हौसेनें करतात.

लपलेली प्रत्येक अळी मारलीच पाहिजे, असें मात्र कोणी समजूं नये. कोंकणांतील आंब्यावर व काजूवर वाढणारी एक हिरवी अळी आहे. तिच्या पाठीवरून एक फिकट पिवळी रेघ जाते व दोन्ही बाजूंस पिसांसारखे केंसाळ काटे पसरलेले असतात. पानाच्या मधल्या शिरेवर ती आपली रेघ बरोबर जुळवून बसली म्हणजे, हातांत पान धरणारासही ती दिसत नाहीं. तिच्यापासून होणारें तपकिरी फुलपांखरूं आमराईंत नेहमीं दिसतें. आंब्याच्या मोठ्या झाडास तिच्यामुळें उत्पन्नाची म्हणण्यासारखी हानि होत नाहीं. अशा अळीला शत्रूच्या यादींत घालणें म्हणजे दारावरून जाणाऱ्या प्रत्येक वाटसरूस चोर ठरविणें होय. उलट अशा अळ्यांवरच पांखरांचीं पिलें वाढतात. आणि तींच पांखरें पुढें आपल्या खऱ्या शत्रूंच्या मागें लागतात.

येथपर्यंतच्या विवेचनांतून आम्हांस काढावयाचें अनुमान असें कीं, शेतांतील पांखरें हीं बिनपगारी जागल्याचें काम करतात, आणि किड्यांचीं हीं सोंगें त्या कामाची पावती आहे. आपल्या देशांत ही गोष्ट नवी नाहीं. बिहारमधील पुसा येथील सरकारी शेतकी-संशोधन संस्थेंतून मेसन व मॅक्सवेल-लेफ्रॉय ह्यांनीं हिंदुस्थानांतील पांखरांच्या आहारावर सन १९१२ मध्यें एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पांखरांच्या पोटांत काय सांपडतें हें प्रत्यक्ष तपासून तो लिहिलेला आहे. कोतवाल, वेडा राघू, साळुंकी, सातभाई, शिंपी, दयाळ, चिरक हीं पांखरें किडे टिपतात, हें ज्यानें एकदां नांगरामागें चालून पाहिलें आहे त्यास ग्रंथाची गरज नाहीं. पण ह्या पांखरांना बसावयास जागा पाहिजे. कोतवालास उंच फांदी लागते, सातभाईस झुडपांखालचा पाचोळा लागतो, शिंप्यास शिवावयास रुंद पान लागतें. बांधावरची बाभूळ तोडली, कुंपण पेटवून दिलें, ओढ्याकांठचें रान साफ केलें, आणि मग कीड वाढली म्हणून ओरड केली, तर जागल्यास कामावरून काढून चोरीची फिर्याद देण्यासारखेंच तें झालें.

ह्यावर आमचे कांहीं वाचक रागानें विचारतील, “पांखरें दाणा खातात त्याचें काय?” हा आक्षेप खरा आहे. पोपट व चिमण्या हुरड्यांत आलेल्या ज्वारीवर, बाजरीवर कशा तुटून पडतात हें सर्वांस ठाऊक आहे. माळा, गोफण व बुजगावणें हीं उगाच निर्माण झालीं नाहींत. तेवढे दिवस राखण केलीच पाहिजे. परंतु दाणा खाणारी चिमणी व सुगरण हींसुद्धां आपल्या पिलांना किडे भरवितात, हें विसरतां कामा नये. कणसांत दूध भरण्याचे दिवस थोडे; किडे टिपण्याचे दिवस वर्षाचे. वर्षाचा जमाखर्च न मांडतां पंधरा दिवसांच्या नुकसानीवरून पांखरांस शत्रु ठरविणें, हा हिशेब चांगल्या कुणब्यास शोभणारा नाहीं.

दुसरी एक गोष्ट ह्याहूनही महत्त्वाची आहे. सोंग डोळ्यांस फसवितें, नाकास फसवीत नाहीं. गांधीलमाशीच्या जातीचे, पण डोळ्यांस जेमतेम दिसतील एवढे बारीक किडे असतात. ते वासावरून माग काढतात. कुरतडलेल्या पानांचा वास, अळीच्या विष्ठेचा वास त्यांस पुरतो. त्यांतील कांहीं फुलपांखराच्या अंड्यांत आपलीं अंडीं घालतात, कांहीं अळीच्या अंगांत व कांहीं कोषांत; आणि त्यांच्या पिलांनीं आंतून खाल्ल्यामुळें यजमानाचा नाश होतो. लिंबावरील अळीनें विष्ठेचें कितीही सुरेख सोंग घेतलें तरी ह्या शत्रूपुढें तें व्यर्थ आहे. शेतकऱ्याचा हा सर्वांत लहान व सर्वांत चिकाटीचा मित्र असून, सरसकट मारणाऱ्या औषधानें तोही बळी पडतो. अळी पानाच्या आड असते, कोष काटकीस चिकटून असतो. हा बिचारा मात्र उघड्यावर फिरत असतो. शिवाय किडीची संख्या लवकर भरून निघते, तिच्या शत्रूंची सावकाश. म्हणून एका फवाऱ्यानंतर दुसरा, दुसऱ्यानंतर तिसरा, असा तो चरक सुरू होतो.

आणि ह्या चरकांत माणूसही सांपडतो, हें आपण पाहिलें आहे. सन २०१७ च्या हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. ती गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. औषध कधींच वापरूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. कपाशीच्या बोंडांत शिरलेली गुलाबी अळी किंवा डाळिंबाच्या फळांत शिरलेली अळी पांखराच्या चोंचीस सांपडत नाहीं. तेथें फळें पिशवींत बांधणें, कामगंध सापळे लावणें, किडकीं बोंडें-फळें गोळा करून नष्ट करणें, आणि प्रसंगीं कृषि विद्यापीठाच्या सल्ल्यानें योग्य औषध, योग्य मात्रेंत, अंगावर संरक्षक कपडे घालून वापरणें, हेंच प्राप्त होय. आमचें म्हणणें इतकेंच आहे कीं, औषध हा शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे. आणि जें पाहिलें नाहीं त्यावर तें ओतूं नये.

महाराष्ट्र सरकारनें सन २०१५ मध्यें ब्ल्यू मॉर्मन अथवा राणी पाकोळी ह्या मोठ्या निळ्या-काळ्या फुलपांखरास राज्य-फुलपांखराचा मान दिला. असा मान देणारें हें देशांतील पहिलेंच राज्य. ही राणीसुद्धां लिंबाच्याच कुळांतील झाडांवर वाढते, आणि लहानपणीं तिची अळीही विष्ठेचेंच सोंग घेते. म्हणजे कचेरींतील भिंतीवर जिचें चित्र लावावयाचें, तिलाच बागेंत विष घालावयाचें, असा हा प्रकार झाला आहे. आम्हांस ह्यांत सरकारास दोष द्यावयाचा नाहीं. परंतु मानपत्रानें फुलपांखरूं जगत नाहीं, तें बांधावरच्या रानलिंबानें जगतें, ही गोष्ट सरकारनें व आपणही ओळखली पाहिजे. बागेच्या कडेला एखादें रानलिंब, कढीलिंब किंवा बेल राखून ठेवलें आणि रोपांवर सांपडलेली राणीची अळी मारण्याऐवजीं उचलून त्या झाडावर सोडली, तर बागाइतदाराचें काय जातें?

ह्याकरितां संघाच्या सभासदांस आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येकानें आपल्या शेताचा निदान एक बांध तोडीपासून व जाळपोळीपासून मुक्त ठेवावा; त्यावर देशी झाडें व झुडपें वाढूं द्यावींत. दुसरी, फवारणीचा दिवस ठरविण्यापूर्वीं शेतांत तिरकस ओळींनीं फिरून झाडें तपासावींत, आणि किती झाडांवर खाल्ल्याची खूण आढळली, किती अळ्या सांपडल्या, तें टिपून ठेवावें. हंगामाच्या शेवटीं ही टिपणवही व औषधाच्या दुकानाची पावती शेजारीं शेजारीं ठेवून पाहिली, म्हणजे आमच्या लेखाची सत्यासत्यता कोणासही पडताळतां येईल. तिसरी सूचना शाळांसाठीं आहे. प्रत्येक गांवच्या शाळेंत लिंबाचें एक झाड असावें व मुलांनीं एकेक अळी जाळीच्या पेटींत पाळून तिचीं तिन्ही सोंगें प्रत्यक्ष पाहावींत. ज्या मुलानें विष्ठेतून हिरवी अळी व हिरव्या अळींतून फुलपांखरूं होतांना पाहिलें, तो मोठेपणीं पानावरील डाग पाहून फसणार नाहीं, आणि न पाहतां पंपही उचलणार नाहीं.

किड्यांनीं लपण्याची विद्या पांखरांच्या भयानें साधली आहे. ती पाळत शेतांत कायम ठेवणें आपल्या हातीं आहे. पांखरांस बसावयास फांदी ठेवावी, वासावर फिरणाऱ्या त्या बारीक मित्रांस जगूं द्यावें, आणि उरलेलें काम आपल्या दोन डोळ्यांनीं करावें. ह्यास भांडवल लागत नाहीं, कर्ज लागत नाहीं. सकाळचा अर्धा तास मात्र लागतो. तेवढा वेळ आमचे वाचक-बंधु येत्या पालवीच्या हंगामांत अवश्य काढतील, अशी आम्हांस आशा आहे.